पंचनाम्यातली पॅसेंजर

जंक्शनवर मी मालगाडीचा फोटो काढत होते. मागून कुणीतरी "ए!" म्हणून ओरडलं आणि मी इतकी दचकले की फोटोत इंजिनाऐवजी नुसतं आभाळ आलं. ओरडणारे स्टेशन अधीक्षक दिघावकर होते. सगळ्या देशाचं संरक्षण आपल्या एकट्याच्या पोटावर तोललेलं असावं, अशा थाटात ते चालत आले.

"डबे मोजतेस? कुणाला पाठवतेस?"

"कुणालाच नाही हो साहेब. मला गाड्या आवडतात."

"गाड्या कुणाला आवडतात का? कॅमेरा जप्त!"

दोन वर्षांचे फोटो होते त्यात. मी म्हणाले, "मग रीतसर पंचनामा करा. प्रत्येक फोटो कशाचा, किती वाजता काढला, ते लिहून प्रत द्या."

"कायदा मला शिकवतेस? लिहितोच!"

ऑफिसात बसून साहेब कॅमेऱ्यात बघत मोठ्याने लिहू लागले. "फोटो पहिला, आजच्या तारखेचा. आठ दहाची पॅसेंजर फलाटात शिरताना. वेळ, अकरा चाळीस..." पेन थांबलं.

"लिहा ना साहेब," मी म्हणाले. "तुमच्या मागच्या फळ्यावर तीच गाडी आज वेळेवर आली आहे. खाली सही तुमचीच. आता पंचनाम्यावरही करा. दोन्हींतली खरी कुठली, ते वरचे साहेब ठरवतील."

दिघावकरांनी कागदाचे चार तुकडे केले आणि कॅमेरा पुसून माझ्यापुढे ठेवला.

"फोटो छान काढता हो ताई तुम्ही. कला जपली पाहिजे."