गोडपानाचं रोप आणि भोळा सोपान

मथूआत्यानं एकदा महादेवाला साकडं घातलं होतं. "देवा, माझ्या भाच्याला काम लागू दे, सोळा सोमवार करीन." महादेव भोळा, भाचाही भोळा. दोघांचं जमलं.

तर एका गावात एक भोळा सोपान होता. त्याला गोडपानाच्या प्रयोगशाळेत काम लागलं. गोडपान म्हणजे स्टेव्हिया. पान चावलं की तोंड साखरेसारखं गोड, आणि मधुमेहवाल्यांनाही चालतं. तिथं झाडाचा शेंडा खुडून काचेच्या बाटलीत लावायचे, एका शेंड्याची ढीगभर रोपं व्हायची.

आत्याला मधुमेह. उद्यापनाला प्रसाद गुळाच्या चुरम्याचा, आणि तो खाल्ल्याशिवाय व्रत पुरं होत नाही.

"सोपान्या, तुझ्या प्रयोगशाळेतल्या देसाईबाईंकडून एक रोप माग रे. माझा प्रसाद तेवढा गोड होऊ दे."

"बरं आत्या."

कामावर देसाईबाईंनी सांगितलं, "इथं देवघरासारखं सोवळं. बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तर दाराला आतून कडी!

"उघड रे!"

"तुम्ही कराडच्या. बाहेरच्या."

बाई उन्हात करपल्या. "अरे वेड्या, आलेल्याचे हात स्पिरिटनं पुसायचे, मग आत घ्यायचं!"

"बरं बाई."

मग शेळी आली. तिला हात नव्हते. सोपाननं चारही पाय पुसले आणि मानानं आत घेतली. शेळीनं रोपांची रांग फस्त केली.

"अरे, पाला खायला कुणी आलं की काठीनं हाकलायचं!"

"बरं बाई."

मग रोपं घ्यायला एक पाहुणे आले. चव बघावी म्हणून त्यांनी एक पान तोंडात टाकलं. सोपान काठी घेऊन धावला. "हुर्र! हुर्र!" पाहुणे थेट बांधापलीकडे.

या गडबडीत रोप मागायचं राहूनच गेलं. शेवटी आत्याच नारळ घेऊन गेली. बाईंनी कुंडीतलं रोप दिलं. "न्या आत्याबाई. आणि दोन दिवस यालाही घरीच ठेवा. सोपान, बाटलीत होतं तेव्हा साखर खाऊन वाढलंय हे. आता पोटच्या पोरासारखं जप, उपाशी ठेवू नको."

"बरं बाई."

उद्यापनाचा सोमवार उजाडला. आत्यानं बिनगुळाचा चुरमा केला, आल्यावर त्यात गोडपान घालायचं ठरवलं आणि देवळात गेली. परत येऊन बघते तर काय! कुंडीत साखरेचा डोंगर, त्यातून रोपाचा नुसता शेंडा दिसतोय. अंगणभर मुंग्यांची रांग. आणि सोपान घामाघूम, हातात स्पिरिटचा बोळा.

"मेल्या, मुंग्या हाकल की!"

"का म्हणून? त्या पाला खायला नाही आल्या, साखर खायला आल्यात. पुसून पुसूनच आत घेतोय. पण आत्या, एकेकीला सहा-सहा पाय गं!"

आत्या हसता हसता पायरीवर बसली. मग शेंड्याची दोन पानं खुडली, चुरम्यात चुरडली, पहिला घास महादेवाला दाखवला, दुसरा आपण खाल्ला. गोड लागला. व्रत पुरं झालं.

बायांनो, तुम्हीही सोमवार धरा, प्रसादात गोडपान घाला, आणि घरातल्या भोळ्यालाही पोटाशी धरा. साखरेचा डबा मात्र फडताळात वर ठेवा.