समुद्रात गेलेला गोड झरा

गार्गे, पांघरूण ओढ आधी. सुमेध, तू भिंतीकडे सरक. हं, आता ऐका. लांब तिकडे अरबस्तानात एक मुलूख होता, नुसत्या वाळूचा. वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर चालायच्या. आज इथे, तर महिन्यानं तिथे. आणि नदी? नदीचं नावच काढू नका. वर्षातून एखादा दिवस लोंढा यायचा, नि दुसऱ्या दिवशी त्याच पात्रात शेळ्या बसायच्या. अशा मुलखात, वाळू संपून समुद्र लागतो ना, तिथे खजुरीच्या बनात एक झरा होता. गार आणि गोड. त्याची राखण करायचा घानिम नावाचा माणूस.

तिथली एक रीत होती, बरं का. दारात तहानलेला आला की आधी पाणी द्यायचं. तीन दिवस त्याला नाव विचारायचं नाही, टोळी विचारायची नाही. मग तो मित्र असो की वैरी.

घानिमनं ही रीत पुष्कळ वर्षं पाळली. मग एकदा काय झालं, खाऱ्या माळापलीकडच्या टोळीचे उंट त्याच्या बनात शिरले. कोवळी रोपं तुडवली. शब्दानं शब्द वाढला. त्याच टोळीत त्यानं आपली एकुलती लेक शम्सा दिली होती, पण रागात त्याला त्याचंही काही वाटलं नाही. म्हणाला, "आता आधी टोळी विचारीन, मगच पाणी देईन."

मग वाळूतनं एक म्हातारा आला. ओठ फुटलेले. घानिमनं विचारलं, "कुठल्या टोळीचा तू?" म्हातारा तसाच तहानलेला निघून गेला. सकाळी बघतात तर झरा जागेवर नाही! बनाच्या कडेला सरकलेला.

मग काळ्या डोंगरातनं एक बाई आली. त्या डोंगरात गवताची काडी नाही, नुसता तापलेला दगड. कडेवर पोर. "कुठल्या टोळीची?" तीही पोराला घेऊन माघारी फिरली. झरा आणखी सरकला, पार शिंपल्यांपाशी, जिथे लाट येऊन फुटते तिथे. तरी घानिमला उमज पडेना. मला तर असा राग येतो त्याचा!

मग खाऱ्या माळावरनं एक बाई आली. हा माळ भारी फसवा. वर मिठाची पांढरी साय, खाली चिखल. पाय टाकला की रुतलाच. त्यात वावटळ सुटलेली. तिचं तोंड फडक्यात गुंडाळलेलं, घसा सुकून आवाज घोगरा झालेला. "पाणी," ती म्हणाली.

"टोळी कुठली?"

 तिनं सांगितली, सासरची. घानिमनं पुढे केलेलं पाण्याचं भांडं मागे घेतलं.

बाई वळली, आणि वळताना फडकं सुटलं. शम्सा होती ती. तीन दिवस चालून माहेरी आलेली.

काय म्हणतेस गार्गे? तिनं नाव सांगायचं होतं? अगं, माहेरच्या दारात लेकीनं नाव सांगायचं?

घानिम हाका मारत धावला. पण वाऱ्यानं वाळू उडवली, पावलं पुसून गेली. माघारी येतो तो झराही नाही. समुद्रात शिरलेला, पार तळाशी. शम्साला वाटेत उंटांचा तांडा भेटला, ती जगली, रडू नका. घानिमला एवढंच कळलं. तो कितीदा तरी खाऱ्या माळापर्यंत जायचा. पण पुढे कुठल्या तोंडानं जाणार? तिथनंच परत यायचा.

मग तो कातड्याची पिशवी घेऊन समुद्रात बुडी मारायला लागला. वरती सगळं खारं, तळाशी गोड पाणी बुडबुडत येतं, तिथे पिशवीचं तोंड धरायचं. भरली की आवळायचं नि वर यायचं. जो येईल त्याला पाजायचं. विचारायचं काही नाही.

अशी अकरा वर्षं गेली. खाऱ्या पाण्यानं डोळे गेले, तरी दोर धरून बुड्या मारायचा. अकरा वर्षं रे! भांडंभर पाण्यापायी. बाप असून लेक नाही, लेक असून माहेर नाही. सांगताना अजून जीव हळहळतो माझा.

मग एकदा शम्साचा नवरा तिकडून चालला होता. तहानेनं कासावीस झाला, तेव्हा भीत भीतच सासऱ्याच्या दारात उभा राहिला. आंधळ्या घानिमनं त्याला पोटभर पाणी पाजलं. टोळी नाही विचारली. त्यानं घरी येऊन बायकोला हे सांगितलं.  शम्सा सकाळी उठली आणि उंटावर बसली.

तिसऱ्या दिवशी ती दारात आली. "पाणी," म्हणाली. म्हाताऱ्यानं पिशवी दिली. ती प्याली. तो आपला उभाच. कान तिच्याकडे लावलेले, पण विचारेना.

शम्सानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी शम्सा."

मग काय, घर भरलं. नातवंडं आली, दोन्ही टोळ्या एकत्र जेवल्या, सगळी सुखानं राहिली. पण झरा काही किनाऱ्यावर परत आला नाही हो. लेक आली, झरा नाही आला. अजून लोक समुद्रात बुडी मारूनच पाणी भरतात.

पुरे आता. मिटा डोळे.