मगरीवरचा पहिला घाव

मगरीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून तो धडधाकट बाहेर काढणारा माणूस कधी पाहिलाय? नसेल, तर मला पाहून घ्या. आता मगर मातीची होती, नदीकाठच्या देवळापुढची, आणि तिच्या तोंडात पोरांनी बोरं लपवली होती. पण हात खरा होता! तेव्हा मगरीतलं मला कळतं. ऐका.

फार पूर्वी, नद्यांना बारमाही पाणी असायचं तेव्हा, एका वळणावर एक गाव होतं. गावाखाली डोह, डोहात मगर. वाडवडिलांनी घाटापुढे पाण्यातच खैराचे खुंट दाटीनं ठोकून अंगणाएवढं कुंपण केलं होतं. आत अंघोळी, धुणी, पाणी भरणं. बाहेर मगर. ती आत येत नव्हती, माणसं बाहेर जात नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला खरचटलं नाही.

तरी गाव घाबरायचंच, पण भलत्यालाच. डोहात एक सुसर होती. लांबलचक तोंड, करवतीसारखे दात, पण खायची नुसते मासे. ती दिसली की लोक दगड मारायचे. पाण्यातली दिवड दिसली की "साप, साप!" करत काठ्या घेऊन धावायचे. तिच्यात विष औषधालासुद्धा नव्हतं. आणि खरोखर माणूस धरणारी मगर ओंडक्यासारखी पडलेली असली, की खुशाल तिच्याकडे पाठ करून दात घासायचे. जावई पारखतानाही आपण हेच करतो म्हणा.

एका उन्हाळ्यात पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. मांडवाला खुंट कमी पडले. पाटील म्हणाला, "अरे, नदीत एवढं खैराचं लाकूड उगाच भिजतंय की!" गडी गेले आणि कुंपण उपटून घेऊन आले.

गाव जेवायला बसलं. खुंट सगळ्यांनी ओळखले. बुडाशी शेवाळ अजून ओलं होतं! पण बुंदी गरम होती. एकानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, शेजाऱ्यानं वाढप्यापुढे द्रोण केला. झालं. संपला विषय.

लग्न पार पडलं. मांडव सावलीला बरा म्हणून तसाच राहिला. आणि एका सकाळी कुंभारीण मडकं बुडवायला वाकली, तर मगरीनं तिची पोटरी धरली. बाई खमकी. तिनं ते मडकं मगरीच्या डोळ्यावर फोडलं, म्हणून सुटली. जीव राहिला, अर्धी पोटरी गेली.

मग गाव असं पेटलं म्हणता! सगळ्यात मोठा आवाज पाटलाचा. "माजलीय ती! माणसाच्या रक्ताला चटावलीय!" जाळी आणली, दोर आणले, उन्हाळ्यानं उथळ झालेल्या डोहातून मगरीला ओढून काढलं आणि थेट पाटलाच्या मांडवात आणून टाकलं. मगरीचा जबडा मिटला तर हाड मोडतं, पण मिटलेला बांधून ठेवायला सुंभाचा एक दोर पुरतो. त्यामुळे तिची बाजू कुणी ऐकली नाही. तोंड बांधलेल्याची कोण ऐकतं?

गावाची रीत अशी की ज्याला जखम, त्याचा पहिला घाव. मागून बाकीच्यांचे. कुंभारणीला बाजेवरून आणलं. पाटलानं तिच्या हातात कुऱ्हाड दिली.

"घाल, काकी! हिचे तुकडे झाल्याशिवाय आज गाव जेवणार नाही."

"मागं कुठं थांबलं होतं जेवायचं?" कुंभारीण म्हणाली.

कुऱ्हाड टेकत टेकत ती उठली. मगरीनं तिच्याकडे पाहिलं, तिनं मगरीकडे. आणि बाई मगरीला ओलांडून पुढे गेली! मांडवाच्या पहिल्या खुंटाशी थांबली. बुडाचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडून तिनं सगळ्यांना दाखवलं. मग घातला घाव. खुंटावर.

मांडव कलला. आंब्याचं वाळकं तोरण पाटलाच्या फेट्यावर आलं.

"अगं बाई, डोकं फिरलं का तुझं? मगर तिकडं आहे!" पाटील ओरडला.

"तिला डोहात सोडा," कुंभारीण म्हणाली, "आणि हे खुंट जिथले तिथे ठोका. आज, अंधार पडायच्या आत."

"आणि तुझा पाय? असा पाय खाणारीला मोकळं सोडायचं? हा कुठला न्याय?"

आता तात्पर्य सांगायची माझी पाळी. चांगलं पाठ करून ठेवलं होतं. पण कुंभारणीनं पाटलाला जे सुनावलं, त्यापुढे माझं कोण ऐकणार? तेव्हा तात्पर्य तिचंच घ्या:

"मगर उपाशी होती, पाटील. तुम्ही-आम्ही तर पोटभर बुंदी खाऊन गप्प बसलो होतो."