मनोऱ्यातली टकटक

“बंद कर तुझी टकटक! दूध ढकलून दम माझा जातो आणि कौतुक तुझं!” पंप हातोडीवर खेकसला.

दूध वाळून डब्यात बसायला नुकतंच शिकलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. उंच मनोऱ्याच्या माथ्यावर भोकाभोकांची म्हातारी पितळी चकती होती. पंप तिच्यातून दूध खाली ढकलायचा. चिमुकली हातोडी तिच्यावर एका लयीत टकटक करायची, म्हणून प्रत्येक धार सारख्या थेंबांत तुटायची आणि गरम हवेतून खाली पडता पडता त्यांची भुकटी व्हायची.

“मग तोड धारा एकटाच!” म्हणून हातोडी फुगून बसली. पंपानं दुप्पट जोर लावला. पंपांना दुसरं सुचतं काय? धारा वाट्टेल तशा फुटल्या. खसखशीएवढे थेंब वाटेतच करपले, हरभऱ्याएवढे ओलेच भिंतीला आणि तळाला चिकटले. दुपारी कारखान्याच्या मालकीणबाईंनी खाली ढेकळं पाहिली. “संध्याकाळपर्यंत भुकटी नाही पडली, तर सगळंच भंगारात घालते,” असं बजावून त्या गेल्या.

“हिच्या रुसण्यानं झालं!” पंप ओरडला.

“तुझ्या मस्तीनं!” हातोडी किंचाळली.

“माझे थेंब मोठे आहेत, हवेनंच ते जरा दमानं वाळवावेत!” पंप गुरगुरला.

आता चकती कडाडली, “अरे दांडग्या, तुझा थेंब मोठा म्हणून मनोरा उंच होत नाही, वाळायला सगळ्यांना पडण्यापुरताच वेळ मिळतो, तेव्हा तू जोर कमी कर, आणि तू गं, रुसवा सोडून वाजव!”