सातभाईंत गेलेली येसू

एकदा काय झालं, एक बाई चालता चालता झोपली. हसू नका, खरंच. डोक्यावर लाकडांची मोळी, पाय आपले चालतायत, आणि डोळे मिटलेले.

तिचं नाव येसू. रानाच्या कडेला ती भावाच्या घरी राहायची. वहिनी आजारी, अंथरुणाला खिळलेली. पोरं चार. पोरांना न्हाऊ घालायचं, भाकरी थापायच्या, वहिनीचे पाय चेपायचे, सगळं येसूच करायची. मायेनं करायची, बरं का. पण दमायची फार, आणि दमले म्हणायची तिला सवयच नव्हती.

तर अशी झोपेतच ती बोरीच्या झाडावर धडकली. मोळी पडली, येसू तिथंच बसली. वर सातभाई कलकलत होते. ते पक्षी नाही का, मातकट, पिवळ्या डोळ्यांचे? नावाला भाऊ. त्यांच्यात बहिणी, मावश्या, आत्या सगळ्या असतात.

येसू म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई. ना चूल, ना पोरं."

तशी त्यांच्यातली थोरली खाली उतरली. म्हणाली, "आमच्यातली एक काल ससाण्यानं नेली. येतेस तिच्या जागी? आमचे तीन दिवस म्हणजे तुमची एक दुपार. घरी कळायचंही नाही."

येसूनं हो म्हटलं, आणि झाली की पाखरू!

पहिल्या दिवशी थोरलीनं तिला घरटं दाखवलं. आत तीन पिल्लं, चोची वासून बसलेली. मग काय, दिवसभर पाचोळा उलटायचा, अळी शोधायची, नेऊन भरवायची. एक चोच मिटली की दुसरी उघडी.

दुसऱ्या दिवशी तिला शेंड्यावर पहाऱ्याला बसवलं. बाकीचे खाली खातायत, ही वर उपाशी. मग शिक्रा आला, ससाण्याचाच भाऊबंद. येसू किंचाळली, तसे सगळे मिळून त्याच्या अंगावर गेले. पळाला मेला! आणि येसू परत शेंड्यावर जाऊन बसली, उपाशीच.

तिसऱ्या दिवशी तिनं नीट पाहिलं, तर एक पिल्लू भलतंच. काळं-पांढरं.

"अगंबाई, हे तर चातकाचं! कुणीतरी अंडं टाकून गेलं."

"असेल," थोरली म्हणाली. "तोंड उघडलंय ना? मग घाल."

येसू वैतागली. "आणि बाकीची दोन? ती तरी तुझी आहेत का?"

"नाही. धाकटीची आहेत."

"मग तुला काय मिळतं गं?"

थोरलीनं चातकाच्या पिल्लाला अळी भरवली. म्हणाली, "मला पाच चोचींनी भरवलं. त्यातली आईची कुठली, ते मला अजून माहीत नाही."

दिवस मावळला. सगळे एका फांदीवर दाटीवाटीनं बसले. येसू गेली आपली कडेला, गार वाऱ्यात. सवय ना तिला! तर थोरली सरकली आणि म्हणाली, "कडेला मी बसते. तू मध्ये ये. आज तू दमलीस."

एवढंच म्हणाली हो. पण येसूला रडू आलं. असं तिला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. दोन्हीकडून ऊब लागली आणि ती गाढ झोपली.

जाग आली तर बोरीखाली. पुन्हा बाईची बाई. ऊन नुकतं कलतं झालेलं.

ती घरी आली. भाऊ म्हणाला, "अक्का, उशीर केलास. पोरं भुकेली आहेत."

येसूनं मोळी टाकली, आणि उंबऱ्यावर बसली. "दमले रे मी," म्हणाली.

भाऊ उठला. मग त्यानं चूल पेटवली. थोरल्या पोरीनं परात ओढली. वहिनी अंथरुणातून म्हणाली, "वन्सं, इकडं या. माझ्या उशाला टेका." पहिली भाकरी करपली, दुसरी फाटली, तिसरी बरी झाली. ती भावानं येसूच्या ताटात वाढली.

तेव्हापासून त्या घरात कामं वाटून होऊ लागली. भांडणंही झाली, पण सगळी सुखानं राहिली.

चला पोरांनो, सरका पाहू जरा. आज मला मध्ये झोपू द्या. आणि आता कुणी बोलायचं नाही.