एक्केचाळिसावी

“पण सर, सही का नाही?”

हळदणकर सरांनी कागद तिच्याकडे सरकवला. पेनाचं टोपण उघडलंसुद्धा नाही.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला दिसतं कसं, या विषयावरच्या संशोधनासाठी परदेशातल्या एका विद्यापीठाची एकच जागा. चार वर्षांची शिष्यवृत्ती. अर्ज आज पाचपर्यंत गेला पाहिजे, आणि ‘प्रयोग लिहिल्याप्रमाणेच झाला’ या एका ओळीखाली सरांची सही हवी. विद्यापीठात पहिली आलेल्या मुलीला नाही ऐकायची सवय कुठून असणार? आणि नाही म्हणतंय कोण, तर किनाऱ्यावरच्या एवढ्याशा कॉलेजात तीस वर्षं अंधारखोली सांभाळत बसलेला माणूस!

“चाळीस खलाशी तपासलेस. किती दिवसांत?”

“दोन.”

“मंद दिवा दाखवण्याआधी अंधारात किती वेळ बसवलंस एकेकाला?”

“अर्धा तास. लिहिलंय ना कागदावर.”

“मी कागदाला विचारलं नाही.”

“पाच मिनिटं,” केतकी म्हणाली. “सगळेच करतात सर. चाळीस जणांना अर्धा अर्धा तास म्हणजे आठवडा गेला असता. आणि पाच मिनिटांत दिसलाच की दिवा!”

“एकोणतीस जणांना. उरलेल्या अकरांपुढे काय लिहिलंस?”

“मंद उजेडात नजर अधू.”

“उद्या हे छापून येईल. मग त्यांना होडीवर कोण घेईल?”

“त्याचा माझ्या अर्जाशी काय संबंध?”

सर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. इतकं चिडलेलं त्यांना कॉलेजात कुणी पाहिलं नसेल.

“गच्चीवर जा. दहा मिनिटं समुद्राकडे बघत उभी राहा. मग खाली ये.”

“आत्ता? चार वाजत आले सर!”

“सही हवी आहे ना?”

ती गेली. दाणदाण पाय आपटत गेली. एप्रिलचं ऊन, खाली लखलखतं पाणी, डोळे उघडे ठेववत नव्हते. मनातल्या मनात तिनं सरांना नाही नाही ते सुनावलं. म्हातारा जळतोय. स्वतः कधी गावाबाहेर पडला नाही, दुसऱ्याला तरी कशाला पडू देईल?

खाली आल्यावर सरांनी तिचा मोबाइल काढून घेतला आणि तिला अंधारखोलीत बसवलं. आतून कडी लावायला सांगितली. स्वतः फळ्यांच्या भिंतीपलीकडे बसले.

काळोख. डोळ्यांपुढे उन्हाचे हिरवे-जांभळे डाग.

...

“पाच मिनिटं झाली. दिवा दिसतो?”

“नाही.”

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. सर मोठ्यानं बोलत लिहू लागले. “एक्केचाळिसावी. स्त्री. वय तेवीस. नजर अधू.”

“अहो सर! असं कसं लिहिता?”

“बेचाळिसावा कोण आहे? या पुढे.”

“थांबा!” केतकी ओरडली. “डोळे सरावायला वेळ लागतो! मला दिसतं!”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते! माझे डोळे आहेत, मला कळत नाही का? जरा वेळ द्या, मग विचा—”

शब्द अर्धाच राहिला.

याच स्टुलावर बाबल तांडेल बसला होता. वाळूवर जाळी पसरून थेट उन्हातून आलेला. तो म्हणाला होता, “वायच थांब गे बाय, माझे डोळे अजून उनातच आसत.” तिनं घड्याळाकडे पाहिलं होतं, त्याच्या नावापुढे ‘नजर अधू’ लिहिलं होतं आणि पुढच्याला हाक मारली होती. आणखी कोण कोण काय म्हणालं होतं, ते तिला आठवेना. तिनं ऐकलंच कुठे होतं?

तिला रडू फुटलं. पण राग गेला नव्हता. सरांचा येत होता, त्या शिष्यवृत्तीचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त ज्याचा येत होता ते तिला कबूल करवत नव्हतं.

बाहेर कॉलेजची शेवटची घंटा झाली. साडेचार.

“सर... अर्धा तास उरलाय. अशी जागा पुन्हा निघायची नाही.”

तिनं फळ्यांवर थाप मारली.

“सही देणार आहात की नाही? नसाल तर मी जाते. दुसऱ्या कुणाची तरी आणते.”

तिनं चाचपडत कडीला हात घातला.

“जा,” सर म्हणाले. “कडी तुझ्याच हातात आहे. पण एकदा उजेडात गेलीस, की डोळे सरावायचा अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.”