परातीचा तळ

खूप जुनी गोष्ट आहे. एका राजाच्या बंदरात समुद्रापलीकडून आलेल्यांच्या दोन गल्ल्या होत्या. एकीत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची माणसं, दुसरीत कॅरिबियन बेटांवरची. बेटकऱ्यांचे पूर्वज त्याच किनाऱ्यावरून पळवून नेलेले. तरी दोन्ही गल्ल्या एकमेकांच्या जेवणाला नाकं मुरडत. दोहोंच्या मधे एक चौक होता.

कोतवालाला तिथे आपल्या घोड्यांची पागा बांधायची होती. त्याने दवंडी पिटवली, "उद्यापासून चौक रिकामा करा. आपापल्या दाराआड शिजवा, दाराआड जेवा." सगळ्यांनी आपापल्या चुली उचलून आत नेल्या.

किनाऱ्याच्या गल्लीतली एक म्हातारी मात्र संतापली. त्याच चौकात ती रोज उकडलेला कंद कुटायची आणि येईल त्याला वाढायची. एकट्या बाईला माणसांत बसायला दुसरी जागा नव्हती. सकाळीच तिने उखळ चौकात ओढत आणलं. पण हे काम दोघांचं. एकाने मुसळ घालायचं, दुसऱ्याने दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटायचा. तिच्या गल्लीतून कुणी येईना.

समोरच्या गल्लीतून मासे तळणारी बाई आली. "मावशी, मी उलटते."

"हात ठेचेल, पोरी."

"उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?"

तिचा हात एकदाही चुकला नाही. म्हातारीने विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

"पणजीने आजीला, आजीने आईला. आम्ही केळी कुटतो."

इतकी वर्षं आपण हिच्या घरचा घास नाकारला, याची म्हातारीला लाज वाटली. तिने मोठ्या परातीत गोळा ठेवून शेंगदाण्याचं कालवण ओतलं. बाईने शेजारी नारळाच्या दुधातली पालेभाजी वाढली. वास दोन्ही गल्ल्यांत पसरला तशी दारं उघडली. किनाऱ्याची रीत अशी, की परात एकच आणि जो तो आपल्या पुढ्यातलं खातो. सगळे तसेच बसले.

कोतवाल शिपाई घेऊन धावत आला. "उचला ती परात."

म्हातारी जागची हलली नाही. "जेवत्या माणसाला उठवायचं नाही, हा राजाच्या आजोबांचा कायदा आहे. आमचं होऊ द्या, मग न्या."

कायदा खराच होता. "तळ दिसेपर्यंत थांबतो," कोतवाल गुरगुरला.

तळ काही दिसेना. एका गल्लीतून लाल भात आला, दुसरीतून पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. एक उठला की दुसरा बसे. दुपारी शिपायांना भूक आवरेना. लोकांनी सरकून त्यांनाही जागा दिली, आणि कोतवाल एकटाच उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. आजोबांचा कायदा मोडायची त्याची छाती झाली नाही. त्याने दवंडी मागे घेतली. कोतवालाचे घोडे उन्हातच राहिले, आणि म्हातारीचं उखळ त्या चौकातून पुन्हा कधी हललं नाही.

तात्पर्य: एका परातीत जेवणाऱ्यांना हुसकावणं कोतवालाच्या बापालाही जमत नाही.